ठेवून घेण्यास तयार नाही

फाटकावरच्या रजिस्टरमध्ये ‘भेटीचं कारण’ असा एक रकाना होता आणि थोरल्याचं घोडं तिथेच अडलं.

नाव लिहून झालं, गाडीचा नंबर लिहून झाला, नात्यापुढे ‘सख्खा भाऊ’ असं ठसठशीत लिहून झालं. कारणापाशी मात्र पेन थांबलं. खरं कारण असं होतं, की धाकट्या बहिणीला आपण घरात घेत नाही हे सरकारला लेखी द्यायला तो आला होता. पण हे असं उघड्या वहीत कसं लिहायचं? मागे त्याची बायको, मधली बहीण आणि आई अशा तिघी उन्हात उभ्या होत्या.

“काहीही लिहा साहेब, कुणी वाचत नाही,” पहारेकरी म्हणाला.

थोरल्याने ‘सदीच्छा भेट’ असं लिहिलं. मधली मुख्याध्यापिका होती. तिने पुढे होऊन ‘सदिच्छा’ची वेलांटी दुरुस्त केली आणि आपल्या ओळीत ‘वरीलप्रमाणे’ असं लिहिलं.

इमारत मुळात हॉटेलची. हॉटेल बंद पडल्यावर नगरपालिकेने ती घेतली आणि घर सुटलेल्या एकट्या आयांसाठी ‘तात्पुरता निवास’ अशी पाटी लावली. पहिल्या मजल्यावरची एक बाई तिथे चार वर्षं तात्पुरती राहत होती. लिफ्ट बंद होती, पण लिफ्टमधला मोठा आरसा कुणीतरी काढून जिन्यात लावला होता, त्यामुळे वर चढणाऱ्याला स्वतःचं धापा टाकणं बघायला मिळे. थोरल्याने त्यात पाहून शर्ट सारखा केला. शहरात त्याचं पलंग आणि सोफ्यांचं दुकान होतं. काचेआड बत्तीस पलंग, गाद्या-उशांसकट, कायम तयार. गेले आठ महिने धाकटी आणि तिची मुलगी कुठे झोपणार हा प्रश्न घरात निघाला, की तो काही ना काही निमित्त काढून दुकानात जाई.

दार धाकटीच्या मुलीने उघडलं. अकरा वर्षांची होती. बोलायला लागल्यापासून एकसारखी बोलायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. या खोलीत आल्यापासून बोलणं कमी झालं होतं, नाव तेवढं राहिलं होतं.

“या. मामा, तुम्ही खुर्चीवर. बाकीच्यांनी पलंगावर. खुर्ची एकच आहे.”

वहिनीने खोलीवरून नजर फिरवली. दोन पलंग, मधे वीतभर जागा. खिडकीत वाळत घातलेला शाळेचा गणवेश. कपाटावर एकावर एक रचलेली खोकी आणि प्रत्येकावर आत काय आहे त्याची चिठ्ठी. स्वयंपाकघर खाली, सगळ्यांत मिळून एक. आज यांची पाळी सकाळी साडेसातची होती, म्हणून चहा थर्मासमध्ये भरून ठेवलेला. खोली स्वच्छ होती. वहिनीला त्याचं बरं वाटलं आणि थोडा रागही आला. इथे येताना तिने मनाची तयारी केली होती ती डोळ्यांत पाणी यावं अशा काहीतरी दृश्याची. इथे तर उशांचे अभ्रेसुद्धा एका रंगाचे होते.

“छान ठेवलीस हो खोली,” ती म्हणाली. “हवाही खेळती आहे. आमच्या बेडरूमला एवढी खिडकी नाही.”

“बदलायची का?” धाकटीने चहा ओतता ओतता विचारलं.

वहिनी हसली, आणि हसताना दिसेल इतपतच हसली.

धाकटी एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत असे. नवऱ्याने पाणी शुद्ध करायच्या यंत्रांची एजन्सी काढली, कर्जाच्या कागदांवर हिची सही घेतली, आणि एजन्सी बुडाल्यावर ‘बघतो काहीतरी’ म्हणून जो घराबाहेर पडला तो अजून बघतोच आहे. हप्ते हिच्या पगारातून जायला लागले, घरभाडं थकलं, मालकाने कुलूप बदललं. लोकांना बारीक अक्षर वाचता यावं म्हणून दिवसभर राबणारी बाई स्वतः अठरा पानं बारीक अक्षर न वाचता सही करून बसली, यावर घरातल्या प्रत्येकाचं निदान एकदा बोलून झालं होतं. मधलीने तर हा किस्सा पालकसभेत सांगितला होता. नाव न घेता, पण ‘माझ्या फार जवळच्या एक बाई’ असं म्हणून.

“मुद्द्याचं बोलू या,” मधली म्हणाली. “पाहणीच्या बाई चारला येणार ना? मग वीस मिनिटं आहेत. दाखव तो फॉर्म.”

धाकटीने फॉर्म पुढे केला. कायमच्या घरासाठी तिने अर्ज केला होता. दोन खोल्या, नगरपालिकेच्या, पगाराच्या मानाने परवडणारं भाडं. यादी उद्या बंद होणार होती आणि अर्जात एकच कागद कमी होता. ज्या जवळच्या नातेवाइकांचं स्वतःचं घर आहे त्यांनी तो भरायचा. छापील मजकूर एका ओळीचा होता: ‘मी अर्जदारास व तिच्या अपत्यास माझ्या घरी ठेवून घेण्यास तयार नाही.’ खाली नाव, पत्ता, सही.

“कुणी एकानेही ‘तयार आहे’ म्हटलं, तर अर्ज रद्द,” धाकटी म्हणाली. “आणि ही खोलीही पंधरा दिवसांत सोडावी लागते. म्हणजे जागा असताना सरकार कशाला देईल, असं.”

“ते ठीक आहे गं,” थोरला म्हणाला. “पण भाषा काय ही? ‘तयार नाही.’ वाचणाऱ्याला वाटेल आम्ही माणसं आहोत की कोण.”

“मग काय लिहायचं, दादा?”

“परिस्थितीमुळे शक्य नाही, असं काहीतरी.”

“तुझी कसली परिस्थिती?” मधलीने विचारलं. “तुला मागच्याच वर्षी मजला चढवायची परवानगी मिळाली.”

“मजला म्हणजे नुसता स्लॅब आहे तो, ताई,” वहिनी म्हणाली. “आणि तिथे व्यायामाची खोली केली आहे. यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

“चालायला रस्ते असतात.”

“रस्त्यावर चालायचं यंत्र लावता येत नाही.”

आई पलंगाच्या कडेला बसून दोघींकडे आळीपाळीने पाहत होती. ती थोरल्याकडे राहायची. व्यायामाचं यंत्र तिने रोज पाहिलं होतं. त्यावर टॉवेल वाळत असत. पण ती काही बोलली नाही. न बोलणं हेच तिचं या घरातलं काम आहे अशी तिची बरीच वर्षं समजूत होती.

मधलीने पर्समधून लाल पेन काढलं. “‘तयार नाही’ यात इच्छा नसल्याचा अर्थ येतो. आपली इच्छा आहे, सोय नाही. म्हणून, ‘मनापासून इच्छा असूनही अपरिहार्य अडचणींमुळे सध्या असमर्थ आहे.’ कसं वाटतं?”

“‘मनापासून’ छान आहे,” वहिनी म्हणाली. त्या दुपारी प्रथमच दोघींचं एकमत झालं होतं.

“‘सध्या’ नको,” थोरला म्हणाला. “उद्या कुणी विचारलं, आता तरी अडचण संपली का, तर?”

“मग ‘सध्या’ काढू.”

“आणि ‘लाडक्या भगिनीस’ असं घाला. ‘अर्जदार’ फार कोरडं वाटतं.”

धाकटी थर्मासचं झाकण हातात धरून हे ऐकत होती. आठ महिन्यांपूर्वी, कुलूप बदललं त्या दुपारी, तिने तिघांनाही फोन केले होते. थोरला म्हणाला होता, तुझी वहिनी काय म्हणते बघतो. वहिनी म्हणाली होती, यांना विचार, मी कोण सांगणारी. मधली म्हणाली होती, दादा असताना माझ्याकडे आलीस तर त्याला काय वाटेल. नाही असं कुणीच म्हणालं नव्हतं. हा नकारच आहे हे कळायला तिला तेव्हा चार दिवस लागले, आणि ते चार दिवस ती आणि चिमणी दुकानातल्या एका बाईच्या व्हरांड्यात होत्या. आज तेच नाही एका ओळीत हवं होतं, तर त्याला झालरी लावणं चाललं होतं.

“ताई, छापील मजकुरात खाडाखोड चालत नाही,” ती म्हणाली.

“खाडाखोड नाही ही. सुधारणा आहे.”

एवढ्यात दारावर टकटक झाली. पाहणी अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या, पायात कापडी बूट, काखेत फाइल. तीन मजले चढून आल्यामुळे आधी पाणी मागितलं, मग बसायला. थोरल्याने खुर्ची दिली आणि उभा राहिला. उभा राहिल्यावर तो आपोआप दुकानातल्यासारखा, हात पुढे बांधून उभा राहिला.

“अर्जातली मुलगी तूच का? शाळा किती लांब?”

“दोन बस.”

“वेळेवर पोचतेस?”

“पहिली बस आली तर.”

बाईंनी ते लिहून घेतलं. मग मधलीच्या हातातला फॉर्म घेतला, त्यावरच्या लाल खुणा पाहिल्या, तो घडी करून फाइलच्या मागे टाकला आणि नवा कोरा फॉर्म काढला. “मजकूर बदलता येत नाही. माझ्याकडे एवढा एकच जास्तीचा आहे, हा जपून. आता तोंडी विचारते, मग सह्या. भाऊ तुम्ही? घर स्वतःचं?”

“स्वतःचं. म्हणजे वडिलांचं, आता माझ्या आणि हिच्या नावावर.”

“खोल्या?”

“पाच.” आकडा सांगताना थोरल्याचा आवाज सवयीने भरदार झाला. “वर मजला घेतोय.”

“राहणारे?”

“आम्ही दोघं, मुलगा, आई.”

बाईंनी मान वर केली. पाच खोल्या आणि चार माणसं हा हिशोब कुणीच मोठ्याने केला नाही, पण तो खोलीत सगळ्यांना ऐकू आला. थोरल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. परक्या बाईसमोर, सरकारी फाइलमध्ये, आपली अशी नोंद होणार. शहरात लोक त्याला दिलदार म्हणून ओळखत. लग्नाच्या ऑर्डरवर तो एक उशी फुकट देत असे.

“तर तुम्ही बहिणीला ठेवून घ्यायला तयार आहात की नाही?”

“असं बघा बाई,” थोरला म्हणाला, “आमचं घर तिचंच आहे. दार कधीच बंद नव्हतं. तिने केव्हाही यावं.”

“म्हणजे तयार.” बाईंनी पेनाचं टोपण काढलं. “तसं लिहिते.”

एका वाक्यात धाकटीचा अर्ज गेला, खोली गेली, आणि दादाच्या चेहऱ्यावर तर दान दिल्याचं समाधान होतं. रडून उपयोग नव्हता. रडली असती तर तो आणखी दिलदार झाला असता. भांडून तर मुळीच नाही. मग तिने थर्मास खाली ठेवला.

“थांबा बाई, लिहाच तुम्ही. दादा एवढं म्हणतोय तर प्रश्नच मिटला. चिमणे, बॅगा काढ.”

चिमणीने आईकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता पलंगाखाली शिरली. घर सुटल्यापासून ती तीन ठिकाणी राहिली होती, सामान भरण्यात तिचा हात बसला होता. दोन बॅगा बाहेर आल्या. खिडकीतला गणवेश खाली आला, घडी झाली, आत गेला.

“आत्ता?” वहिनी म्हणाली.

“आत्ताच. गाडी आणलीच आहे ना तुम्ही. खोकी उद्या टेम्पोने आणीन. आम्हाला वरची खोली चालेल वहिनी, व्यायामाची. यंत्र भिंतीकडे सरकवलं की दोन गाद्या बसतात. गाद्या तर दादाकडे आहेतच.”

“अगं पण वर रंग द्यायचा आहे.”

“मी देईन की. रविवारी मला सुट्टी असते.”

वहिनीच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: वर या दोघी, खाली सासूबाई, जिन्यातून दिवसभर त्यांचं बोलणं, सकाळी बाथरूमला रांग, आणि मुलाचं लग्न ठरायच्या वेळी येणारे पाहुणे विचारणार, या कोण. वर्ष, दोन वर्षं, कायमचं. तिने नवऱ्याच्या बाहीला हात लावला. “अहो, बोला ना.”

“म्हणजे मी तसं… भावनेने म्हटलं,” थोरला म्हणाला.

“भावनेचा रकाना नाही,” बाई म्हणाल्या. पेन कागदावरच टेकलेलं होतं. “तयार की नाही?”

“ताई एकट्याच आहेत तीन खोल्यांत,” वहिनी घाईने म्हणाली. “आणि बायकाबायकांत बरं पडतं. मला वाटतं, त्यांच्याकडेच…”

मघाची ‘मनापासून’ची युती तिथे मोडली. मधली ताठ झाली. “माझ्या घरी प्रश्नपत्रिका असतात. गोपनीय. त्या घरात शाळकरी मूल ठेवणं नियमात बसत नाही.”

“मी तुझ्या शाळेत नाही, मावशी,” चिमणी मोजे गुंडाळता गुंडाळता म्हणाली.

“तरी तत्त्व म्हणून.”

“मावशीकडे नको,” धाकटी म्हणाली. “दादाने बोलावलंय, दादाकडेच जाऊ. आई, तुझी ती जुनी रजई आहे ना अजून?”

“आहे,” आई म्हणाली. दुपारभरात तिने उच्चारलेला तो पहिला शब्द.

पहिल्या बॅगेची चेन लागली. तो आवाज ऐकून थोरला खुर्चीचा शोध घेत मागे सरकला, पण खुर्चीत बाई होत्या. तो पलंगाच्या कडेवर टेकला. बहिणीने वर पाहिलं. लहानपणी पत्त्यांत हरायला लागली की ती अशीच त्याच्याकडे सरळ बघायची. त्याला कळलं, की तिला यायचं नाही, आणि हेही कळलं, की आपण गप्प बसलो तर ती खरंच येईल. दोन्ही गोष्टींची त्याला सारखीच लाज वाटली.

“तयार नाही,” तो म्हणाला.

“मोठ्याने म्हणा, मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.”

“तयार नाही.”

त्याने सही केली. नावाखाली दुकानाचं नाव लिहायची सवय होती, ते अर्धं लिहून खोडलं. घर दोघांच्या नावावर म्हणून वहिनीनेही केली, पदर कागदाला लागू न देता, जितक्या लांबून करता येईल तितक्या लांबून. मधलीने सही करण्याआधी मजकूर पुन्हा वाचला, ‘अपत्यास’वर क्षणभर थांबली, पण पेन निळंच वापरलं. धाकटीने शेवटी अर्जदार म्हणून करायची ती केली. त्याआधी फॉर्मच्या दोन्ही बाजू, तळटीपेसकट, सावकाश वाचल्या आणि कुणी घाई केली नाही.

“आता एकच,” मधली म्हणाली. “आईची सही राहिली.”

“त्यांच्या नावावर घर आहे?” बाईंनी विचारलं.

“घर तिचंच आहे म्हणा ना,” थोरला म्हणाला.

“म्हणा ना नको. कुणाच्या नावावर?”

“माझ्या. आमच्या. वडील गेल्यावर आईनेच करून दिलं.”

“मग त्यांची सही लागत नाही.”

आईने हात पुढे केला होता. तो तिने मांडीवर परत ठेवला. “म्हणजे मी हिला ये म्हटलं असतं तर?”

“तुम्हाला तसं म्हणता येणार नाही, आजी. म्हटलंत तरी आम्हाला लिहिता येणार नाही.”

आठ महिने आईला मनातून खात होतं, की आपण तोंड उघडलं असतं तर पोर व्हरांड्यात झोपली नसती. घरात शांतता राहावी म्हणून आपण गप्प बसलो, हे आपलं पाप, असं ती समजून चालली होती. आता समजलं, की त्या गप्प बसण्याला किंमतच नव्हती. बोलली असती तरी ते कुणाच्या कागदावर उमटलं नसतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

“मग मलाही असा अर्ज करता येतो का?” तिने विचारलं.

“आई, काय बोलतेस,” थोरला म्हणाला.

“ज्येष्ठांचा वेगळा असतो,” बाई फाइल आवरत म्हणाल्या. “हिरवा फॉर्म.”

“त्याला मुलांच्या सह्या लागतात?”

“लागतात. हाच मजकूर.”

“मग एक देऊन ठेवा,” आई म्हणाली. “आज सगळ्यांचा हात चालू आहे.”

बाईंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, बॅगेत चाचपलं आणि खरोखरच एक हिरवा कागद काढून आईच्या हातात दिला. मग धाकटीकडे वळून, अर्ज पूर्ण झाला, यादीत अकरावा नंबर आहे, या खेपेला चौदा घरं आहेत, असं सांगून त्या पुढच्या खोलीकडे गेल्या.

पाच वाजता भेटीची वेळ संपली. मधली कपाळाला आठ्या घालून, बस पकडायची म्हणून आधीच निघाली. गाडीत वहिनीशेजारी बसायची आज तिची तयारी नव्हती. थोरल्याने दारात धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “घर मिळालं की कळव. एक सोफा पाठवतो.”

“पलंग पाठव,” ती म्हणाली. “दोन.”

“चला आई,” वहिनी जिन्यातून म्हणाली.

“तुम्ही व्हा पुढे. गाडीत बसा. मी येते पाच मिनिटांत.”

पावलं खाली गेली. चिमणी गणवेश पुन्हा बॅगेतून काढून खिडकीत अडकवत होती. धाकटी आईशेजारी बसली. आईने हिरवा कागद नीट चार घड्या करून पिशवीत ठेवला.

“खरंच भरणार आहेस तो?”

“नाही गं. पिशवीत असू दे. तुझी वहिनी पिशवी बघते माझी रोज.” आईने पिशवीचे बंद आवळले. “तुझं घर तुझ्या नावावर असेल ना?”

“भाड्याचं असेल, आई. नगरपालिकेचं. पण हो, नाव माझं.”

“मग तू मला ये म्हटलंस तर ते लिहून घेतील.”

“घेतील.”

“बरं,” आई म्हणाली. खालून गाडीचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. तिने उठायला हात पुढे केला, पण धाकटीने तो धरून ठेवला तेव्हा तिने सोडवून घेतला नाही. तिसऱ्यांदा हॉर्न वाजेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.